पहिली मसल कार पुन्हा दारात आणताना : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच तऱ्हेची आहेत. कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत असताना अमेरिकेत एक मसल कार (मोठं, ताकदवान इंजिन बसवलेली गाडी) होती, ती विकली गेली, आणि आता मुलंबाळं मार्गी लागल्यावर तशीच पुन्हा हवी आहे, किंवा घेऊन झाली आहे आणि डोकेदुखी सुरू झाली आहे. लक्षात राहिलेला असतो तो रंग आणि आवाज. पत्रांत विचारलं जातं ते ब्रेक, पेट्रोल आणि नंबरांबद्दल.

प्रश्न : माझी पहिली गाडी १९६९ची लाल शेव्हेल एसएस ३९६ (शेव्हरोलेची गाडी, एसएस म्हणजे 'सुपर स्पोर्ट', ३९६ घनइंचाचं इंजिन) होती. हुबेहूब तशी एक आता विक्रीला आहे. विकणारा म्हणतो, 'अस्सल एसएस, सगळे नंबर जुळतात.' व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १३६ने सुरू होतो. एवढ्यावर विश्वास ठेवावा का? – ओहायो

उत्तर : ठेवू नका. 'नंबर जुळतात' म्हणजे इंजिन कारखान्यातूनच या गाडीबरोबर आलेलं आहे, असा दावा. १९६६ ते १९६८ या तीन वर्षांत शेव्हेल एसएस ३९६ हे स्वतंत्र मॉडेल होतं आणि त्याचा व्हीआयएन १३८ने सुरू व्हायचा, त्यामुळे नुसता नंबर वाचून उलगडा होत असे. १९६९ला एसएस हे 'झेड२५' नावाचं ऑप्शन पॅकेज झालं. तेव्हापासून १३६चा अर्थ एवढाच, की ही व्ही-८ इंजिनाची मॅलिबू आहे. ३०७ घनइंचाचं साधं इंजिन घेऊन कारखान्यातून निघालेली मॅलिबूसुद्धा १३६च. इंजिनामागच्या पत्र्यावरच्या बिल्ल्यावर रंग, सीटचं कापड आणि बांधणीचा आठवडा मिळतो, एसएस आहे की नाही ते मिळत नाही. एसएसची चिन्हं, काळी जाळी, बॉनेट हे सगळं आज नवं विकत मिळतं, आणि एका आठवड्याच्या सुट्टीत साध्या मॅलिबूची एसएस करून दाखवणारे आहेत.

मग पाहायचं काय? पहिलं, बिल्डशीट. कारखान्यातला हा कागद बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. टाकी उतरवायला विकणारा तयार नसेल, तर निदान टाकी आधी कधी उतरवली होती आणि तेव्हा काय मिळालं, हे विचारा. दुसरं, 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' ही वॉरंटीच्या पुस्तिकेतली छोटी धातूची पट्टी. तिच्यावर व्हीआयएनबरोबर इंजिनाचा कोडही उठवलेला असतो. पाँटियॅकसाठी पीएचएसकडून (पाँटियॅकच्या जुन्या नोंदी पुरवणारी संस्था) मूळ बिलाची नक्कल मिळते, १९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला दाखला) मिळतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेसाठी असा मागवून घेता येणारा दाखला नाही, म्हणूनच शेव्हेलमध्ये फसवणूक सोपी आहे.

तिसरं म्हणजे तारखांचा क्रम, आणि इथे घाई करू नका. ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य धडावर) ओतकामाची तारीख असते : महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'के ८ ८' म्हणजे ८ नोव्हेंबर १९६८. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, प्रवाशाकडच्या हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या) अगदी पुढे सपाट पट्टी असते. तिच्यावर ठोकलेला 'टी१११८' म्हणजे टोनावांडाच्या कारखान्यात १८ नोव्हेंबरला जोडलेलं इंजिन. त्यामागची अक्षरं ते कोणत्या प्रकारचं ते सांगतात. बॉडीच्या बिल्ल्यावर '१२बी' असेल, तर गाडी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. ओतकाम, जोडणी, गाडी असा क्रम इथे नीट लागतो. ब्लॉक गाडीपेक्षा नंतरचा निघाला, तर तो मूळ ब्लॉक नाही. मग विकणाऱ्याकडे कितीही जुने फोटो असोत.

ती सपाट पट्टी टॉर्च तिरका धरून बघा. कारखान्यातल्या कापणीच्या बारीक, सरळ रेघा पुढून मागे जाणाऱ्या दिसल्या पाहिजेत. गोल गोल घासल्याच्या खुणा दिसल्या, किंवा पट्टी आरशासारखी गुळगुळीत लागली, तर जुना नंबर घासून नवा ठोकला असण्याची शक्यता धरा. इंजिन बांधताना डेक (ब्लॉकची हेड बसते ती सपाटी) मशीनवर कापला असेल, तरीही मूळ रेघा जातात. ते प्रामाणिक काम असू शकतं, पण मग 'नंबर जुळतात' या शब्दांना आधार उरत नाही, आणि त्या शब्दांचे पैसे देऊ नयेत.

मागचा अॅक्सल खालून पाहा. एसएस ३९६ला १२ बोल्टच्या झाकणाचा असायला हवा. पुढे डिस्क ब्रेक हवेत, कारण १९६९च्या झेड२५मध्ये ते धरलेले होते. दहा बोल्टचं झाकण आणि चारही ड्रम दिसले, तर उरलेली चौकशी न करताही चालेल.

गंज बघायला पातळ लवचिक चुंबक न्या. मागच्या काचेचे खालचे कोपरे, डिकीची जमीन आणि मागच्या चाकांमागचा पत्रा या तीन जागी चुंबक निसटला, तर रंगाखाली पुट्टी आहे. छतावर व्हिनाइल असेल तर काचेच्या कोपऱ्यांबाबत दुप्पट संशय घ्या, कारण त्याच्याखाली पाणी वर्षानुवर्षं राहतं.

प्रश्न : तशीच नको, मला माझीच १९७०ची गाडी शोधायची आहे. जुना नंबरप्लेटचा फोटो आहे. – न्यू जर्सी

उत्तर : प्लेटवरून फारसं हाती लागणार नाही. १९९४च्या ड्रायव्हर्स प्रायव्हसी प्रोटेक्शन कायद्यामुळे राज्याची वाहन कचेरी सध्याच्या मालकाचं नाव-पत्ता अशा कारणासाठी देत नाही. व्हीआयएन हवा. जुनं टायटल (मालकीचा दाखला), विम्याचं कार्ड, कर्जाचा कागद, सर्व्हिसची बिलं धुंडाळा. १९६८पासून व्हीआयएनची पट्टी डॅशवर, ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसते, त्यामुळे गाडीच्या पुढून जवळून काढलेला एखादा फोटो मोठा करून पाहण्यातही अर्थ आहे. मिळाल्यावर एक अडचण येईल : १७ आकडी व्हीआयएन १९८१च्या मॉडेलपासून आला. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरचे त्याआधीचे १३ आकडी, फोर्डचे ११ आकडी. गाडीचा इतिहास विकणाऱ्या बऱ्याच सेवा १७ पेक्षा कमी आकडे घेतच नाहीत. त्या त्या मॉडेलचे क्लब आणि त्यांच्या नोंदवह्या हाच खरा मार्ग आहे.

प्रश्न : माझ्या १९७१च्या एसएस ४५४ला ३६५ हॉर्सपॉवर होती. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात तेच इंजिन २७०वर आलं. एका वर्षात इंजिन एवढं मारलं? – टेक्सस

उत्तर : बरंचसं मोजमाप बदललं. आधीचा आकडा 'ग्रॉस' : इंजिन स्टँडवर, पंखा आणि एअर क्लीनर नाही, सायलेंसर नाही, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सर्वोत्तम जागी. १९७२पासून 'नेट' आकडा छापू लागले, म्हणजे गाडीत बसतं तसं, सगळी जोडणी लावून. १९७१ला जनरल मोटर्सने दोन्ही छापले होते, आणि तुमच्याच इंजिनाचा नेट आकडा २८५ होता. म्हणजे खरी घट २८५वरून २७०. मोठी कात्री एक वर्ष आधी लागली होती : १९७१साठी जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) सरसकट खाली आणलं. त्यात विमा कंपन्यांनी जबर हप्ते लावले, आणि ऑक्टोबर १९७३च्या तेलबंदीनंतर तर प्रश्नच मिटला.

आठवणीत ती गाडी आजच्या साध्या सेडानपेक्षा वेगवान वाटते, त्यात टायरांचा हात आहे. मागची चाकं जागेवर फिरली की धूर, आवाज आणि हिसका मिळतो, वेग मिळत नाही.

प्रश्न : १९६७ पाँटियॅक जीटीओ, ४०० इंजिन. ९३चं पेट्रोल घालूनही चढावर खडखड आवाज येतो. जुन्या काळी १००चं मिळायचं, आता मिळत नाही म्हणून का? – मिशिगन

उत्तर : १०० आणि ९३ हे आकडे सरळ ताडून बघू नका. जुना १०० हा 'रिसर्च' ऑक्टेन. आज अमेरिकेच्या पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन्हींची सरासरी लिहितात. आजचं ९३ म्हणजे जुन्या भाषेत साधारण ९७-९८. फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. तुमचं कॉम्प्रेशन कागदावर १०.७५ आहे, तेव्हा ओतीव लोखंडी हेडवर काठावरचं गणित आहे खरं.

टायमिंगला हात लावण्यापूर्वी टायमिंगची खूण खरी आहे का ते तपासा. क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर वाळलं की कडी सरकते, खूण खोटी पडते आणि टायमिंगचा दिवा दाखवतो त्यापेक्षा टायमिंग कितीतरी पुढे असू शकतं. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून तिथे पिस्टन अडवणारा स्टॉप बसवा, क्रँक हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवा, दोन्ही जागी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरं टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. बॅलन्सरवरची खूण तिथे शून्याशी जुळत नसेल, तर आधी बॅलन्सर बदला.

मग व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि ३००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास एकूण टायमिंग बघा. ३४ ते ३६ अंशांवर थांबा. तरी आवाज आला तर दोन-दोन अंश मागे घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या वजनांचे स्प्रिंग ढिले पडले असतील तर अॅडव्हान्स (ठिणगी आधी पडणं) फार लवकर येतो, आणि चढावर कमी आरपीएमला खडखड येण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. मिश्रण पातळ नाही ना, रेडिएटर आतून भरलेला नाही ना, तेही पाहा. एवढं करून थांबलं नाही तर कॉम्प्रेशन उतरवणं आलं. १९७५ नंतरची '६एक्स' हेडं तुमच्या ब्लॉकवर बसतात आणि त्यांची ज्वलनाची खोली मोठी आहे. मूळ हेडं मात्र विकू नका, तेल लावून गुंडाळून ठेवा.

प्रश्न : शेव्हरोले कॅमेरोचं ३५० इंजिन नव्याने बांधून घेतलं. पहिल्यांदा चालू केल्यावर अर्ध्या तासात टकटक सुरू झाली आणि कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) दोन लोब, म्हणजे उंचवटे, सपाट झाले. कॅम खराब होता, की तेल? – कॅलिफोर्निया

उत्तर : तेल, स्प्रिंग आणि पहिली वीस मिनिटं यांपैकी कुठेतरी चूक झाली आहे. कॅममध्येच दोष असणं त्यामानाने दुर्मीळ. सपाट टॅपेटच्या (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवणाऱ्या तुकड्याच्या) कॅमचं हे सगळ्यात महागडं दुखणं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

'सपाट' म्हटलं तरी टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमचा लोब किंचित उतरता. त्यामुळे चालताना टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. फिरायचा थांबला की लोब एकाच जागी घासला जातो आणि काही मिनिटांत संपतो. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक टॅपेट कोरडाच त्याच्या भोकात सोडून पाहावा. स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे, बोटाने सहज फिरला पाहिजे. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही नाहीत.

लोबला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं. आयडलवर क्रँक पुरेसं उडवत नाही, म्हणून नवा कॅम आयडलवर चालवायचा नसतो. लोबांना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमची पेस्ट फासा. दुहेरी स्प्रिंग असतील तर ब्रेक-इनपुरते (पहिल्यांदा चालवून भाग बसेपर्यंत) आतले काढून ठेवा. तेल जस्त असलेलं हवं, १२०० ते १४०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) दरम्यान. आजच्या गाड्यांच्या पातळ तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी फॉस्फरसवर ८०० पीपीएमची मर्यादा आहे, आणि जस्त त्याच संयुगातून येतं, त्यामुळे तेही तेवढंच उतरतं. दुकानातलं चांगल्यातलं चांगलं नवं तेल तुमच्या कॅमला मारक ठरू शकतं ते असं. दुसरीकडे, जस्ताच्या बाटल्या ओतत राहणंही बरं नाही, प्रमाण फार वाढलं की उलटा परिणाम होतो.

डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, शेव्हरोलेला घड्याळाच्या दिशेने. इथे नुसती सळई वापरू नका. शेव्हरोलेत डिस्ट्रिब्युटरच्या धडानेच तेलाचा एक मार्ग बंद होतो. सळईभोवती तशी बाही नसेल तर तेल तिथूनच गळतं आणि एका बाजूचे टॅपेट कोरडे राहतात. सोळाही रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांवर) तेल दिसेपर्यंत फिरवा, मध्येमध्ये क्रँक पाव फेरा हलवत राहा. हायड्रॉलिक टॅपेटचं सेटिंग पुशरॉडचा खेळ संपल्यावर अर्धा ते पाऊण फेरा.

मग इंजिन पहिल्या किकला पकडलं पाहिजे. स्टार्टर मारत बसलात की पेस्ट पुसली जाते. टायमिंग हाताने लावून ठेवा, कार्ब्युरेटरची वाटी आधीच भरा, फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ पुन्हा एकदा बोट ठेवून मोजा. सुरू होताच सरळ २००० ते २५०० आरपीएम, वीस ते तीस मिनिटं, थोडं वरखाली करत. पाणी गळलं, पेट्रोल गळलं तर बंद करा आणि दुरुस्त करून राहिलेली मिनिटं पूर्ण करा. 'एक मिनिट आयडलवर ठेवून बघू' असं म्हणायचं नाही. शेवटी तेल गरम असतानाच काढा आणि फिल्टर कापून घड्या उलगडून बघा.

तुमच्या बाबतीत आता फक्त कॅम बदलून भागणार नाही. झिजलेलं लोखंड बेअरिंगांपर्यंत गेलेलं आहे. इंजिन पूर्ण उघडून, तेलाचे सगळे मार्ग ब्रशने धुतल्याशिवाय नवा कॅम घालू नका.

प्रश्न : १९६६ मस्टँग, २८९. चारही ड्रमचे शू नवे टाकले, तरी पेडल जोरात दाबावं लागतं. डिस्कचा किट घ्यावा का? – इलिनॉय

उत्तर : आधी शू बरोबर बसलेत का ते पाहा. प्रत्येक चाकात एका शूची लायनिंग आखूड असते, दुसऱ्याची लांब. आखूड पुढच्या बाजूला, लांब मागच्या. हे ब्रेक स्वतःच्या फिरण्याने स्वतःला आवळून घेतात आणि मुख्य काम मागचा शू करतो. उलटे बसवले की तुम्ही लिहिलंय तसंच होतं. सेल्फ अॅडजस्टरचे स्क्रू डावे-उजवे वेगळे असतात. अदलाबदल झाली तर ते शू जवळ आणण्याऐवजी दूर नेतात. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुना म्हणून बंद ठेवा.

किटपेक्षा तातडीचं काम दुसरं आहे. १९६६च्या मस्टँगला एकाच खान्याचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा) आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७पासून दोन खान्यांचा आला. तो बसवाच. डिस्क घेणार असाल तर मास्टर डिस्क-ड्रमसाठीचा हवा : ड्रमच्या मार्गात सुमारे १० पाउंड दाब धरून ठेवणारा बारीक व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या मार्गात राहिला तर पॅड सतत घासत राहतात. मागच्या मार्गावर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) नसेल, तर जोरात ब्रेक मारताच मागची चाकं आधी लॉक होतात. हवा काढताना मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं हा क्रम. जुने रबरी होजपाइप बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, ते न बघता बदला.

प्रश्न : १९६८ प्लिमथ रोड रनरचं (क्रायस्लरची गाडी) ड्रायव्हरकडचं चाक खोलताना दोन स्टड तुटले. गंज? – पेनसिल्व्हेनिया

उत्तर : उलटे आटे. क्रायस्लर त्या काळी डाव्या बाजूच्या चाकांना डाव्या आट्याचे स्टड लावायचे. स्टडच्या टोकाला 'एल' उठवलेला असेल. ते उजवीकडे फिरवून सुटतात. एअर गनवाल्या दुकानात गाडी देताना हे तोंडी सांगा आणि डॅशवर चिठ्ठीही चिकटवा.

प्रश्न : रेडियल टायर घातल्यावर गाडी सरळ रस्त्यावर भटकते. अलाइनमेंट पुस्तकाप्रमाणेच केली आहे. – जॉर्जिया

उत्तर : तिथेच गडबड आहे. पुस्तकातले आकडे बायस-प्लाय (रेडियलच्या आधीच्या, तिरक्या धाग्यांच्या) टायरसाठीचे आहेत. सस्पेन्शन परवानगी देईल तेवढ्यात कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढेमागे कल) दोन ते तीन अंश धन, कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल) अर्धा अंश ऋण, टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली) एक सोळांश ते एक अष्टमांश इंच मागा. मिस्तरी पुस्तक दाखवेल, तुम्ही कागदावर लिहून न्या.

प्रश्न : गाडीत कुठलं रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे फेरे) आहे हे अॅक्सल न उघडता कळेल का? – इंडियाना

उत्तर : कळेल. पुढच्या चाकांना अडणी लावा, मागचा अॅक्सल पक्क्या स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड-स्लिप (आतल्या क्लचमुळे दोन्ही चाकांना जोर देणारा) आहे, उलट फिरलं तर साधा डिफरन्शियल. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. लिमिटेड-स्लिप असेल तर चाकाचा नेमका एक फेरा द्या आणि शाफ्टचे फेरे मोजा. साधा असेल तर एक चाक जमिनीवर टेकवून दुसऱ्याचे दोन फेरे द्या. शाफ्ट तीन आणि जेमतेम पाऊण फिरला तर ३.७३, तीन आणि एक तृतीयांशाच्या आत राहिला तर ३.३१, चारच्या थोडा पुढे गेला तर ४.१०.

लिमिटेड-स्लिप निघाला तर यापुढे एकच चाक जॅकवर घेऊन इंजिन गिअरमध्ये टाकू नका. जमिनीवरचं चाक ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. डिफरन्शियलचं तेल बदलताना त्याच्या क्लचसाठीचं अॅडिटिव्ह साधारण चार औंस घाला. ते विसरलं की वळणावर मागून थरथर येते, आणि बरेचजण त्यावरून अॅक्सल गेला असं समजून बसतात.